नऊवर ऐकू यायचं

माझ्या एमपीथ्री प्लेअरवर आवाजाचे आकडे शून्य ते तीस होते आणि मला नऊ पुरायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्या भीतीनं मला पोखरलं ती याच आकड्यातून आली.

प्लेअर मी चंद्रपूरच्या बाजारातून घेतला, नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी. काडेपेटीहून जरा मोठा, काळा, निळ्या पडद्याचा. पुढे सगळ्यांच्या फोनमध्ये गाणी आली, माझ्याही आली, पण मी प्लेअर सोडला नाही. कंपनीच्या बसमध्ये सोबतचे लोक विचारायचे, की हा डबा मरतो कधी. मी म्हणायचो, तुमच्या फोनच्या आधी नाही. हट्ट माझ्या स्वभावातच आहे. एखादी गोष्ट चुकीची आहे हे कळलं की मी ती जास्त घट्ट धरतो.

नोकरी वीज केंद्रात, राहायला ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. कोळसा दळणाऱ्या मिलच्या मजल्यावर माझी पाळी असायची. तिथे बोलायचं तर तोंड समोरच्याच्या कानाला लावावं लागतं. कानात घालायचे पिवळे बोळे आम्हाला दिलेले होते, घाला म्हणून पाट्या होत्या, येता-जाता साहेब टोकायचेही. आम्ही ते लॉकरमध्ये ठेवायचो. बोळे नवख्यांनी घालायचे, असा आमचा तोरा होता. पाळी संपली तरी कानात मिलची घरघर चालूच राहायची, आणि ती दाबायला मी बसमध्ये टेकल्या टेकल्या गाणी लावायचो. म्हणजे दिवसभर कान कुटून घ्यायचे आणि वर औषध म्हणून पुन्हा आवाजच ओतायचा. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

आणि कामात माझी किंमत कानावरच होती. आमचे वयस्क फोरमन, सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणायचे, त्यांनी मला बेअरिंग ऐकायला शिकवलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या खोक्यावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. बेअरिंग चांगली असली की एकसारखा घुमारा येतो, बिघडायला लागली की त्यात बारीक खरखर मिसळते. भाऊंचं म्हणणं असं, की मीटरचा काटा हलायच्या आधी कानाला कळतं, आणि ज्याला कळत नाही त्यानं मशीनजवळ उभं राहू नये, स्वतःही मरेल आणि दुसऱ्यालाही मारेल. दोन-तीन वर्षांत पाळीवरचे लोक मलाच बोलवायला लागले, जरा ऐकून सांगा म्हणून. मला त्याचा फार गर्व होता.

त्या प्लेअरमध्ये रेकॉर्डिंगचीही सोय होती. कुरखेड्याकडच्या आमच्या गावी एका वर्षी रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेलो होतो. बांधीत बाया वाकून धान रोवत होत्या. माझी माय सगळ्यात पुढे, ती गाण्याची ओळ म्हणायची आणि बाकीच्या ती उचलायच्या. मी शेताच्या धुऱ्यावर बसून ते सगळं प्लेअरमध्ये घेतलं. नंतर ऐकलं तर गाण्याच्या मागे चिखलाचा आवाज होता, आणि दर रोपाला मायच्या काचेच्या बांगड्यांची किणकिण. दोन वर्षांनी माय गेली. त्यानंतर ते गाणं मी बसमध्ये रोज लावायला लागलो, नऊवर.

नऊचे अकरा कधी झाले ते आठवत नाही. चौदा आठवतात, कारण तेव्हा मी बसच्या इंजिनाला शिव्या घातल्या होत्या, की किती खडखडतं. एकोणीसला इअरफोन बदलले. तेवीसला पुन्हा बदलले आणि दुकानदाराशी भांडून आलो, की माल हलका देता. माणूस स्वतःला सोडून सगळ्या जगावर संशय घेतो, तसं माझं चाललं होतं.

मग एक दिवस लक्षात आलं की बांगड्या वाजत नाहीत. मायचा आवाज होता, चिखल होता, बांगड्या नव्हत्या. आकडा तीसपर्यंत नेला. माय जोरात गायला लागली, पण बांगड्या नाहीतच. कॅसेट झिजते तसं हे रेकॉर्डिंग झिजलं असेल, अशी मी स्वतःची समजूत काढली, आणि ते झिजत नसतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

माझी बायको वडशाची. लहानपणापासून दर हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं बघून तिचा कान तयार झालेला. मंडपाच्या बाहेर उभी राहून ती सांगायची, की आज पेटीवाला दुसराच बसला आहे. ती तांदूळ निवडत बसली होती. मी सहज केल्यासारखं तिच्या कानात इअरफोन दिला आणि काय काय ऐकू येतं ते विचारलं. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि तिचे डोळे भरले.

"मायच्या बांगड्या," ती म्हणाली. "किती साफ वाजून राह्यल्या."

मी इअरफोन परत घेतला आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. मी बहिरा होत होतो.

त्या दिवसापासून मी भीतीतच जगायला लागलो. मिलवर स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला की नुसता घुमारा यायचा. आता बेअरिंगमध्ये खरखर नव्हती, की माझ्या कानात ती ऐकायची जागाच उरली नव्हती, हे कसं ठरवायचं? मी ठीक आहे म्हणून सांगायचो, आणि मग तासभर काही ना काही निमित्त काढून त्याच बेअरिंगजवळ घुटमळायचो. तळहात ठेवून बघायचो. जवळ कुणी नवा पोरगा असला तर त्याच्या हातात ड्रायव्हर द्यायचो, तूही ऐक, शिकून घे म्हणून, आणि तो काय सांगतो ते घाबरून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचो. लोकांना वाटायचं मी फार मन लावून शिकवतो.

वर्षातून एकदा तपासणी असायची. काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावायचे, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मी आवाज ऐकतच नव्हतो. समोरच्या काचेत तपासणाऱ्याच्या बोटाची हालचाल दिसायची, बोट हललं की मी बटण दाबायचो. दोन वर्षं मी असा पास झालो. कान उत्तम, असं ऐकून बाहेर आलो तेव्हा पाठीला बनियन चिकटलं होतं.

आणि मग मला एक पळवाट सापडली, किंवा तीच चालत आली. एका दुपारी बायकोनं स्वयंपाकघरातून तीन-चार हाका मारल्या. मी ओ दिली नाही तशी ती तणतणत आली आणि म्हणाली, की कानात ते खुपसलेलं असल्यावर कसं ऐकू येणार. प्लेअर बंद होता. बॅटरी सकाळीच संपली होती. मी ते सांगितलं नाही.

त्यानंतर इअरफोन माझ्या कानातून फारसे निघालेच नाहीत. बाजारात, जिन्यात, जेवताना. चार्ज करायचं मी बहुतेक दिवस विसरायचो, गरजच नव्हती. लोक चिडायचे, हसायचे, या वयात काय नाद लागला म्हणायचे. नादिष्ट म्हणवून घ्यायला माझी काहीच हरकत नव्हती. बहिरा म्हणतील म्हणून मात्र माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या शाळेची बस मोठ्या रस्त्यावर थांबायची, क्वार्टरपासून दहा मिनिटं चालत. दोन्ही बाजूंना झुडपं, मध्ये एक नाला आणि त्यावर पुलिया. त्या हिवाळ्यात वसाहतीत बिबट फिरत होता. आधी कुत्री कमी झाली, मग एका वासराला त्यानं ओढत नेलं. मुलांना एकटं सोडू नका, हातात काठी ठेवा, आणि चौकीदाराची शिटी ऐकू आली की आहात तिथेच थांबा, असं घरोघर सांगून झालं होतं. ती शिटी ऐकू आली की, एवढं वाक्य मी मनात किती वेळा घोळवलं असेल. तरी मुलीला सोडायला मीच जात राहिलो, कारण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

माझ्या एका हातात तिचं दप्तर, दुसऱ्या हातात काठी. तिचा हात धरायला हात उरायचा नाही. ती माझ्या एका कानातला इअरफोन मागून घ्यायची आणि स्वतःच्या कानात घालायची. वायर आखूड, त्यामुळे ती मला चिकटूनच चालायची. आत गाणं आहे की नाही याबद्दल ती कधी काही बोलली नाही, म्हणून मीही विचार केला नाही.

त्या सकाळी विरळ धुकं होतं. पुलिया ओलांडली आणि वायर सैल झाली. वाटेत बोरीचं एक झाड होतं, बोरं वेचायला ती रोजच मागे राहायची आणि मग पळत येऊन मला गाठायची. मी चालत राहिलो. वीस-पंचवीस पावलं गेलो असेन. अजून कशी आली नाही म्हणून मागे वळलो.

पुलियाच्या पलीकडे चौकीदार उभा होता. एक हात वर, गाल फुगलेले, तोंडात शिटी. शिटी मला दिसत होती. ऐकू येत नव्हती. अलीकडे, रस्त्याच्या मधोमध, माझी मुलगी शिकवल्याप्रमाणे जागच्या जागी थांबली होती. आणि तिच्या नि माझ्या मध्ये, बोरीच्या बुडाशी, बिबट बसला होता. त्याचं तोंड तिच्याकडे होतं.

मला ओरडता आलं नाही. ओरडावं की नाही हेही कळेना. काठी हातात होती आणि ती माझ्या हातात आहे हे मी विसरलो होतो. ती माझ्याकडे बघत होती, रडत नव्हती, मी काय करतो याची वाट बघत होती, आणि मी काहीच करत नव्हतो. चौकीदार सायकलच्या कॅरिअरवर काठी आपटत पुढे आला. मागून दोन मोटारसायकली आल्या, त्यांनी हॉर्न वाजवले असावेत, कारण बिबटानं मान वळवली. मग तो उठला आणि काही घाई नसल्यागत रस्ता ओलांडून झुडपात गेला.

मी पळत जाऊन तिला उचललं. चौकीदार सायकल तिथेच टाकून जवळ आला.

"दादा, पाच खेपा शिटी मारली मी," तो म्हणाला. "पोरगी थांबली, तुमी चालूनच राह्यले. कानात ते घालून फिरता काऊन?"

मी चुकलो म्हणालो. मोटारसायकलवाल्यांनीही सुनावलं, तेही ऐकून घेतलं. प्लेअर चार दिवसांपासून बंद होता. मुलगी कडेवर होती, तिचं काळीज माझ्या छातीशी धडधडत होतं, आणि तेवढ्यातही मला हायसं वाटलं, की सगळे इअरफोनलाच दोष देत आहेत. आज ते आठवलं की बिबटापेक्षा मला माझीच भीती वाटते.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. बायकोनं मुलीला उराशी धरलं, पलंगावर बसवलं, हातात दूध दिलं, आणि मग माझ्याकडे वळली. कानातून इअरफोन ओढून काढले, प्लेअर हिसकावला आणि म्हणाली, की हा आत्ताच्या आत्ता पाट्यावर फोडते. मी मान खाली घालून उभा होतो. फोडू दे, मला वाटलं, मायचं गाणं गेलं तरी चालेल, कानात घालायला उद्या दुसरा आणता येईल.

मुलीनं दुधाचा पेला खाली ठेवला. ती हळू बोलली. मी ते तिच्या ओठांवरून वाचलं.

"गाणं बंदच राह्यते, आई. मी रोज कानात घालतो ना, काहीच वाजत नाई. मले वाटलं, बाबाले तसंच आवडते."

बायकोनं प्लेअरचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडदा काळाच राहिला. तिचा राग कुठे गेला कळलं नाही, ती एकदम दमल्यासारखी दिसली. माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि एकेक अक्षर सुटं करत तिनं विचारलं, "कवापासून?"

"तीन वर्षं झाली," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मी भाऊंना सांगितलं. त्यांनी माझ्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. माझी बदली स्टोअरला झाली. एकदा गेलेलं ऐकणं परत येत नाही, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून समजावलं. हे सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा होतीच. मुलीनं दप्तर स्वतःच्या पाठीला लावलं आणि माझा मोकळा हात धरला. शिटी वाजली का मी हात दाबतो, ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली. पुलियापर्यंत जाताना तिनं दोनदा हात दाबला. दोन्ही वेळा मी थांबलो, काठी घट्ट धरून झुडपांकडे बघत उभा राहिलो, आणि तिनं हात ढिला केल्यावरच पाऊल उचललं. दोन्ही वेळा शिटी वाजली होती. मला विचाराल, तर ती सकाळ अगदी शांत होती.