गाडीला पाजलेलं खारं पाणी

आमचं गाव खारपाण पट्ट्यातलं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहाच्या पातेल्याला आठ दिवसांत पांढरी खपली धरते. तर ज्या पाण्यात माझी तुरीची डाळ शिजत नव्हती, तेच पाणी मी तीन वर्षं गाडीच्या इंजिनाला पाजलं. तेव्हा मी पन्नाशीची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. ती बाई आज भेटली तर मी तिला दारातूनच परतवून लावीन.

खामगावचा मिस्तरी दर वेळी बॉनेट उघडून इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची पांढरी बाटली दाखवायचा. "अम्मा, कूलंट कम है. बोअर का पानी मत डालो, अंदर जंग पकडता है."

मी पदर खोचून म्हटलं, "पाण्याले रंग लावून विकतं काय रे? आमच्या घरी पाणी हाय." गॅरेजातले सगळे हसले. मला वाटलं, मिस्तरीला हसले.

मग वैशाखात एका सकाळी साखरखेर्ड्याहून भाच्याचा फोन आला. माझी थोरली बहीण गेली होती. आमच्यात बाई गेली की शेवटची साडी माहेरची लागते. आईबाप कधीच गेलेले, भाऊ नाही. म्हणजे तिचं माहेर मीच.

"मावशी, दिवस बुडायच्या आत न्यावं लागते," भाचा म्हणाला. "साडी घेऊन या. आमी थांबतो."

पेटीतली हिरवी कोरी साडी काढली. निघताना आमच्या ह्यांनी बाटली पाहिली, तर पाणी तळाला गेलेलं. मी कळशीतलं खारं पाणी ओतलं आणि म्हटलं, "चला."

खामगाव सोडून घाट लागला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. बॉनेटमधून वाफ निघाली. ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद करून उभे राहिले.

"काऊन थांबले? खोला न झाकण!"

"अवं, तापलं हाय. अर्धा घंटा थंडं होऊ दे. मिस्तरीनं सांगतलं व्हतं."

"माही बहीण तिकडं वाट पाहून राह्यली, अन् तुम्ही इंजिनची वाट पाहाता?"

बिचाऱ्यांनी फडकं गुंडाळून झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळून मनगटावर आलं. ते कळवळले, आणि मी काय केलं? फुंकर घालायची सोडून सोबतच्या कॅनमधलं गार पाणी तसंच आत ओतलं. आतून टणकन आवाज आला. ते इंजिन पुन्हा सुरू झालं नाही.

लग्नसराईचे दिवस. येणारी प्रत्येक गाडी वऱ्हाडानं भरलेली, कोणी गात, कोणी हात हलवत. मी साडीची पिशवी छातीशी धरून उन्हात उभी. ऊन उतरल्यावर एका टेम्पोवाल्याला दया आली.

पोचलो तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. ओल्या अंगणात भाचा मान खाली घालून बसला होता.

"मावशी, लय थांबलो. मंग शेजारच्या चाचीनं साडी देली. म्हणे, मी बी तिची बहीणच हाय."

चाची ओट्यावर बसली होती. तिनं मला जवळ घेतलं. मी तिच्या खांद्यावर रडले, पण तिला आभाराचे दोन शब्द बोलायचे ते बोललेच नाही. तेवढंही शहाणपण नव्हतं.

आता रोज सकाळी, इंजिन गार असताना, नव्या गाडीची बाटली मी स्वतः पाहते. नात म्हणते, आजी देवाआधी बॉनेटले हात जोडते. जोडते बापा. बॉनेटनं अर्धा तासच मागितला होता, तोही मी दिला नाही.

ह्यांच्या मनगटावरचा डाग गेला नाही. हिरवी साडी पेटीतच आहे. सुनेला सांगून ठेवलंय, मी गेले की तीच नेसव.

"असं काऊन बोलता, आत्याबाई?" ती चिडते.

"अवं, माह्या माहेराहून आता कोण आणणार हाय?"