स्टिअरिंगवर मी बसले होते

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नव्हे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक चिंचेचं झाड होतं, तिन्हीसांजेला त्याखालून जायला बाकीच्या बायका घाबरायच्या. मी त्याच झाडाच्या चिंचा पाडून वर्षाची साठवण करायची. कुणी अंगात आलं म्हणून घुमायला लागलं की मी पहिल्यांदा विचारायची — सकाळपासून पोटात काही गेलंय का हिच्या? तर अशी मी. पुण्याची भाची मला तुमचं मासिक पाठवते, त्यातले हे असले अनुभव मी वाचते आणि बाजूला ठेवून देते. पण एक माझ्याजवळही पडून आहे... साठ वर्षं झाली. आता वयही झालं, म्हटलं लिहूनच टाकावं.

मी तंजावूरची. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत आमची मराठी घरं, तिथलीच एक. शाळेत तमिळ शिकले. देवनागरी पुढे सासऱ्यांच्या पोथ्यांवरून अक्षरं लावत लावत माझी मीच शिकले. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर पोटात घाला. बोलते तशीच लिहितेय.

गोष्ट पन्नास-साठ सालांच्या मधली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. आमचे हे युद्धाच्या वेळी मिलिटरीत गाड्या दुरुस्त करायचे. परत आल्यावर लिलावातली एक जुनी पिकअप घेतली — पुढे दोघांना बसायची जागा, मागे उघडा हौदा. ओरत्तनाडूच्या बाजूला आमची थोडी शेती होती. तिथून भात, केळीची पानं, नारळ आणायचे, इथून लोकांचं सामान न्यायचे. माल चढवायला-उतरवायला मुरुगेसन होता, चाळिशीचा, कमी बोलणारा, ह्यांना ‘सार’ म्हणायचा. तो तमिळ, पण आमच्या घरी इतकी वर्षं वावरलेला की आमची मराठी कानाला बसली होती त्याच्या.

त्या वर्षी पिकअपच्या स्टिअरिंगला फार प्ले आला होता. म्हणजे काय, तर हातातलं चाक वीतभर फिरवलं तरी खालची चाकं ढिम्म. मग एकदम वळायची. वर्कशॉपवाला म्हणाला, दसऱ्यानंतर बघू, आत्ता हात रिकामा नाही. ह्यांना कुठला दम! म्हणाले, घरीच करतो. जुने बुश, जॉइंट काढायचे नि नवे घालायचे, त्यात काय?

मागच्या अंगणात गाडी उभी केली. आता ह्या कामाची एक रीत असते. एकाने वर बसून स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायचं, दुसऱ्याने खाली निजून एकेक जॉइंट मुठीत धरून बघायचं, कुठला ढिला लागतो ते. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही. सगळा कारभार आवाजावर. मुरुगेसन भाताच्या पोत्यांत अडकलेला, तेव्हा वर बसायला मी. पदर खोचून बसायची. हे खालून ओरडायचे — “अगं, डावीकडे... अजून थोडं... बस्स. सोड हात.” माझं नाव ह्यांनी कधी घेतलं नाही, मी म्हणजे ‘अगं’.

शेजारचे मामा कुंपणावरून बघायचे. “काय हो, बायकोला ड्रायव्हर करताय की काय?”

“ड्रायव्हर तीच आहे मामा, सहा वर्षं झाली,” हे खालून म्हणाले, “मी नुसता क्लीनर.”

असा एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी — नवरात्रातली षष्ठी होती, आठवतंय, कारण मी नैवेद्याला सुंडल, म्हणजे चण्यांची उसळ, करायला चणे भिजवले होते — सकाळी अकराच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात होते. लख्ख ऊन. अंगणातून आवाज आला, “अगं, वर बस.”

हात पुसले, गेले. गाडीखाली पोतं अंथरलेलं, बाजूला ह्यांच्या कामाच्या जुन्या चपला. मी वर चढले, स्टिअरिंग धरलं.

“डावीकडे,” खालून. “हळू... अजून थोडं.”

आवाज कसातरीच येत होता. सर्दी झाल्यावर नाकात बोलतो माणूस तसा, आणि मध्ये मध्ये दम घेत. मी म्हटलं, “दिसतंय का काही?”

“नाही. अंधार आहे गं इथे.”

मला जरा नवल वाटलं, एवढ्या उन्हात? पण गाडीच्या पोटात असतोच काळोख. म्हटलं, “कंदील आणू?”

“नको. तू उठू नकोस.”

मग मी बसून राहिले. बराच वेळ खालून काही नाही. नुसता श्वास. मी आपली चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत होते. शेवटी मीच म्हटलं, “दमलात तुम्ही. आवाज बघा कसा झालाय. कॉफी आणू का?”

थोडं थांबून उत्तर आलं, “आण. साखर कमी घाल.” आणि मग — “बस्स. सोड हात.”

मी हात सोडला. उतरले. आत जाऊन निखाऱ्यावर दूध ठेवलं, कॉफी केली, पितळेच्या पेल्यात ओतून घेऊन आले. पुढच्या चाकाशी पेला ठेवला आणि वाकून म्हटलं, “घ्या.”

खाली कुणी नव्हतं.

मी अजून वाकलेलीच, तेवढ्यात पुढच्या दारातून हे आत आले. अंगात बाहेर जायचा शर्ट, पायांत चांगल्या चपला, हातात कागदात बांधलेले नवे बुश. म्हणाले, “तास घालवला त्या दुकानदाराने. अरे वा, कॉफी? कळलं कसं तुला मी येतोय ते?”

ते गाडीपाशी गेले आणि चिडलेच. “चाकं कुणी वळवली गं? मी सरळ ठेवून गेलो होतो. आणि हे पोतं? पाणी कुणी सांडलं इथे?”

पोतं भिजलेलं होतं. मधोमध, माणूस निजेल तेवढं.

मी कॉफीचा पेला त्यांच्या हातात दिला आणि आत गेले. एक घोट घेऊन बाहेरून म्हणाले, “आज साखर विसरलीस वाटतं!” ते नेहमी गोड कॉफी प्यायचे हो. दोन चमचे साखर. कमी घाल म्हणून कधी म्हणालेले मला आठवत नाही. आणि मी त्या वेळी विचारसुद्धा केला नव्हता...

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. त्या माळ ओढत होत्या, थांबल्या. म्हणाल्या, “त्याला बोललीस?”

“नाही.”

“बोलू नकोस. हत्यारं हातात असलेल्या माणसाच्या मनात असलं काही भरवू नये. आयुधपूजा होऊ दे, गाडीची पूजा होऊ दे, मग बघू.”

मला ते पटलं. खरं तेच सांगते, मला ते पटलं.

काम ह्यांनी दोन दिवसांत पुरं केलं. सगळे बुश नवे, जॉइंट नवे, प्रत्येक नटात पिन घालून ती पक्कडीने वळवलेली. मी वर बसून फिरवलं तर बोटभर हलवताच चाकं वळायची. पोरासारखे खूश झाले. नवमीला — तुमच्याकडे खंडेनवमी म्हणता ती — पाने, पक्कड, जॅक, सगळं धुऊन, गंध लावून देवापुढे ठेवलं. आमच्याकडे त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. दशमीला सकाळी पूजा सुटली, गाडीला झेंडूची माळ, चारी चाकांखाली लिंबू. हे वर बसले, मुरुगेसन मागे हौद्यात. लिंबं चिरडून गाडी पुढे निघाली, ओरत्तनाडूला, पहिली खेप.

गाडी दाराबाहेर पडली. वाटलं, सांगावं. काही नाही, नुसतं थांबवावं, एवढंच सांगावं की असं असं झालं, आज जाऊ नका. मी ओट्यावर धावले, तोंड उघडलं, आणि सासूबाईंनी मागून येऊन माझ्या तोंडावर हात दाबला.

“निघालेल्याला मागून हाक मारायची नाही, कळत नाही तुला? सणाचा दिवस!”

त्यांच्या हाताला कापराचा वास येत होता. कोपऱ्यावर गाडी वळली. छान वळली, एका झटक्यात.

दुपारी बातमी आली. ओरत्तनाडूच्या अलीकडे रस्ता कालव्याच्या काठाने जातो. आदल्या दिवसांत पाऊस झालेला. समोरून बैलगाडी आली, तिला वाट द्यायला ह्यांनी पिकअप काठाला घेतली, आणि काठच खचला. गाडी उलटून कालव्यात. मुरुगेसन चिखलात फेकला गेला, हात मोडला, वाचला. हे गाडीखाली सापडले. बैल आणि दोर आणून लोकांनी गाडी उचलेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. पण एक लिहायला हवं. लोक बोलायला लागले. स्टिअरिंगचं काम घरी करतात का कोणी? बाईला वर बसवून? तेच शेजारचे मामा ओट्यावर बसून हळू आवाजात म्हणत होते, “मी तेव्हाच म्हटलं होतं.” मला ऐकू येत होतं. माझ्या मनातही तेच. मी नीट फिरवलं नसेल, ह्यांना खाली नीट कळलं नसेल, माझ्यामुळे एखादा नट सैल राहिला असेल...

गाडी ओढून आणून परत अंगणात ठेवली तेव्हा वर्कशॉपवाला स्वतः आला. न बोलावता. खाली निजला, एकेक जॉइंट बघितला. बाहेर येऊन माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, “अम्मा, एक पिनसुद्धा हललेली नाही. इतकं चांगलं काम माझ्या माणसांनी केलं नसतं. जमीन खचली, त्याला स्टिअरिंग काय करणार?”

मला वाटलं, चला, एवढं तरी माझ्या माथी नाही...

तेराव्यानंतर मुरुगेसन आला. हात गळ्यात बांधलेला. ओट्याच्या खाली उभा राहिला, वर येईना. म्हणाला, “अम्मा, एक सांगायचंय. सांगितलं नाही तर जेवण जात नाही मला.”

“सांग.”

“सार लगेच गेले नाहीत. छातीवर गाडी होती, पाण्याबाहेर तोंड तेवढं होतं. मी ह्या हाताने त्यांचं डोकं वर धरलं होतं. ते बोलत होते. तुमच्या भाषेत. पण माझ्याशी नाही.”

“कुणाशी मग?”

“पहिल्यांदा ‘अगं’ म्हणाले. ते तुम्हालाच म्हणतात ना? ‘अगं, वर बस’ म्हणाले. मग डावीकडे, हळू... गाडी दुरुस्त करताना म्हणायचे तसं. मला वाटलं, भान नाही. मध्येच थांबायचे, जसं कुणाचं ऐकतायत. मग म्हणाले, ‘नाही, अंधार आहे.’ मी म्हटलं सार, ऊन आहे, दिवस आहे. तर म्हणाले, ‘तू उठू नकोस.’”

मी खांब धरला.

“मग अम्मा...” तो एवढा मोठा गडी, रडायला लागला. “मग त्यांनी कॉफी मागितली हो. साखर कमी घाल म्हणाले. सारांना तर गोड लागते. मी कुठून आणू कॉफी तिथे? मोडलेल्या हातानेच थोडं पाणी घेतलं, ते पण चिखलाचं. शेवटची इच्छा होती, मी पुरी केली नाही.”

त्याला मी काय सांगणार होते? की बाबा, त्यांनी मागितली नव्हती, मी विचारलं होतं, त्याचं ते उत्तर होतं? अर्धं बोलणं चार दिवस आधी अंगणात झालं होतं आणि अर्धं तुझ्या हातावर? मी एवढंच म्हटलं, “त्यांना मिळाली कॉफी. तू जेव.” तो माझ्याकडे बघत राहिला.

“‘बस्स, सोड हात’ म्हणाले असतील मग,” मी म्हटलं. “तेच शेवटचं.”

“म्हणाले. मी सोडला नाही.” डोळे पुसून तो म्हणाला, “पण ते शेवटचं नव्हतं अम्मा. मग थोडा वेळ गप्प होते. आणि मग हळूच विचारलं, ‘अगं, आहेस ना?’ दोनदा विचारलं. मग नाही.”

हे मी ऐकलं नव्हतं.

षष्ठीला मी तेव्हा चुलीपाशी होते. दूध उतू जाईल म्हणून तिथेच उभी होते.

मुरुगेसन गेल्यावर मी मागच्या अंगणात गेले. गाडीचं टप चेपलेलं, काच नाही, झेंडूची एक वाळकी माळ आरशाला तशीच अडकलेली. वर चढले. स्टिअरिंगवर चिखल वाळला होता, त्यावरच हात ठेवले आणि म्हटलं, “आहे.” मोठ्याने म्हटलं, सासूबाईंना आत ऐकू गेलं असेल. “आहे हो मी.” डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. ऊन पडलं होतं. खालून काही आलं नाही.

संध्याकाळपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशीही. पुढे गाडी भंगारवाला घेऊन गेला.

षष्ठीला माझ्याशी कोण बोललं, पोतं कशाने भिजलं, मला काही सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर लिहा. आणि हेही सांगा, त्या दिवशी मी कॉफीचं विचारलं नसतं, तिथेच बसून राहिले असते, तर...