कोपराएवढी जागा

आयुष्यात एकही सूर न वाजवता ज्यानं वाद्यवृंदात एकतीस वर्षं काढली, असा माणूस बघायचा असेल तर सभागृहाच्या पुढच्या दारानं जाऊन उपयोग नाही. मागच्या दारानं आत शिरायचं, चेलोच्या पेट्या ओलांडायच्या, धूळ खात पडलेल्या पडद्याच्या गुंडाळीला वळसा घालायचा, की विंगेत करड्या डगल्यातला एक ठेंगणा गृहस्थ दिसतो. खिशात खडू, हातात काठी. काम एकच : रंगमंचावर वादकांच्या खुर्च्या मांडणं. हजेरीपटावर त्यांचं रीतसर नाव आहे, पण ते तिथेच राहिलं. बाकी सगळ्यांचे ते मांडणीमामा.

खुर्च्या मांडण्यात काय एवढं मोठं, असं कुणालाही वाटेल. सभेलाही मांडतातच की! पण सभेत माणूस खुर्चीवर नुसता बसतो, फार तर पेंगतो. इथे त्याला बसून राबायचं असतं, आणि त्या राबण्याला कोपर लागतो. मामांची काठी बरोबर व्हायोलिनच्या गजाएवढी होती. खुर्ची ठेवली की ते स्वतः तिच्यात बसत, डावा हात पुढे धरून त्यावर काठी ओढून बघत, शेजारी लागते का, मागे अडते का. नवे वादक हसायचे.

“मामा, आज कुठला सूर लागलाय?”

“खुर्चीचा. तुमचा लागला की सांगा, ऐकायला येतो.”

सगळ्यांचे कोपर त्यांना पाठ होते. कोण गज ओढताना पंख पसरल्यासारखा हात उघडतो, कोण काखेत पुस्तक धरल्यासारखा आवरून वाजवतो, कोणाचा डावा पाय बाहेर येतो. माणसाचा चेहरा विसरतील, पण कोपर विसरायचे नाहीत.

आणि आता त्यांच्या रंगमंचानं कधी पाहिला नव्हता असा कार्यक्रम येऊन ठेपला होता. मध्यंतराआधी अडीचशे वर्षांपूर्वीची एक नेटकी सिंफनी, छत्तीस वादकांची. मध्यंतरानंतर विसाव्या शतकातली एक अवाढव्य, अठ्ठ्याऐंशी वादकांची : दोन हार्प, आठ हॉर्न आणि माणूस आत पाय पसरून झोपेल एवढा ढोल. तिकिटं केव्हाच संपली होती. तिकीटखिडकीवरच्या बाई फोनवर “नाही हो, उभं राहायलासुद्धा नाही” हे अशा थाटात सांगत, की जणू सिंफनी त्यांनीच रचली आहे.

त्या अठ्ठ्याऐंशींत मामांची लेक होती. दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत, अगदी शेवटच्या जोडीत. तीन महिन्यांपूर्वी निवड झाली ती पडद्यामागून, परीक्षकांना वाजवणारा दिसू नये म्हणून. तो पडदा मामाच टांगायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी एकतीस वर्षांतली दुसरी रजा घेतली आणि घरी बसून अख्खी दुपार एकच कपाट तीनदा पुसलं. पोरगी निवडून आली, स्वतःच्या हातावर आली. आता परवा ती पहिल्यांदा भरल्या सभागृहापुढे बसणार होती.

तेवढ्यात पाहुणे कंडक्टर आले. उंच, घाईचे, बोलताना डोळे मिटणारे. त्यांनी रंगमंच पावलांनी मोजला आणि ऑफिसातल्या व्यवस्थापकबाईंना सांगून टाकलं, “इथे चौऱ्याऐंशी बसतील. दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या दोन जोड्या काढा.”

शेवटच्या दोन जोड्या म्हणजे चार खुर्च्या, आणि त्यातली शेवटची लेकीची.

संध्याकाळी ही बातमी जेवणाच्या टेबलावर आली. आधी मामींनीच तोंड उघडलं. “कंडक्टरच ना तो? मग गाडीत जागा नाही म्हणणं त्याचं कामच आहे. तुम्ही म्हणा, पुढे सरका.”

लेक हसली नाही. “बाबा, माझ्यासाठी शब्द टाकायचा नाही. अजिबात.”

“कोण टाकतंय? मी चार खुर्च्यांचं बोलणार आहे. खुर्च्या माझं खातं.”

“शेवटच्या खुर्चीवर कोण बसतं ते सांगायचं नाही.”

“नाही सांगणार. पण जागा असताना जागा नाही म्हणालेलं मी ऐकून घ्यायचं?”

“आहे जागा?”

मामांनी पोळीचा तुकडा ताटातच ठेवला. “उद्या सांगतो,” ते म्हणाले. खरं म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सकाळी तालमीआधी ते कंडक्टरांसमोर जाऊन उभे राहिले. “साहेब, मला एक तास द्या. अठ्ठ्याऐंशी बसले नाहीत तर चार खुर्च्या मी स्वतः उचलून नेतो.”

“मी मोजलंय, काका.”

“तुम्ही खुर्च्या मोजल्या. मी कोपर मोजतो.”

कंडक्टरांनी चक्क डोळे उघडले. “बरं. एक तास.”

मग सुरू झालं. ढोलवाल्यांच्या मागच्या पाच खुर्च्या आधी गेल्या. त्या मोजणीत नव्हत्याच, कोटांसाठी ठेवलेल्या. ते लोक तर संपूर्ण सिंफनी उभ्यानं वाजवतात! कोट विंगेतल्या खुंटीवर गेले. हार्पवाल्या बाईंची पर्स एका लहान मुलाएवढी जागा खायची, ती खाली गेली. बाई कुरकुरल्या, “त्यात माझं सगळं आहे, मामा.”

“तुमचं सगळं तुमच्या बोटांत आहे. पर्स खोलीत राहू दे.”

खरा पेच व्हायोलांचा, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावंडांचा. मधल्या जोडीतल्या दोघांनी सहा वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. कारण दोघेही विसरले होते, पण एकाच स्टँडवर वाचताना खुर्च्यांमध्ये चांगली दीड वीत अंतर राखून बसायचे. ते अंतर त्यांच्या मागच्या साऱ्या रांगा भोगत होत्या.

मामा दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. “तुमचा अबोला किती जागा खातो ठाऊक आहे? एक अख्खा माणूस.”

“मी कुठे काय म्हणतोय?” एक म्हणाला.

“यांना सांगा, मीही काही म्हणत नाही,” दुसरा म्हणाला.

“मग काही न म्हणताच सरका.”

सरकले. मागून कुणीतरी टाळी वाजवली. रांगामागून रांगा पुढे आल्या, खुर्चीचा कोन जरा इकडे, जरा तिकडे, प्रत्येक ठिकाणी मामा बसले, काठी ओढली, उठले. पन्नास मिनिटांत अठ्ठ्याऐंशी जागा तयार. शेवटची खुर्ची मागच्या खांबाला जवळजवळ टेकलेली, पण मामांची काठी तिथेही सुटी फिरली.

“आता वादक बसवा,” कंडक्टर म्हणाले. “काठी नको.”

सगळे बसले. कंडक्टर थेट शेवटच्या जोडीपाशी आले. डावीकडे जोडीतले वयस्कर वादक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. उजवीकडे, खांबाला लागून, मामांची लेक. आतल्या बाजूच्या वादकानं पानं उलटायची असतात, म्हणून नव्या माणसाला तीच जागा.

“पूर्ण गज ओढा,” कंडक्टर तिला म्हणाले.

तिनं ओढला. टक्. कोपर खांबावर आपटला.

मामांनी खांबाकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. सगळ्या वाद्यवृंदाचे कोपर त्यांना पाठ, आणि घरच्या पोरीचा माहीत नव्हता! ती लहानपणापासून दार लावूनच वाजवायची. कुणी बघितलेलं तिला खपत नसे. चौदा वर्षं त्यांनी तिला दारापलीकडून ऐकलं होतं. हात तिनं आईचे घेतले होते, लांबसडक, हे रोज ताटात वाढून घेताना दिसत होतं, पण गज ओढताना कधी पाहिलंच नव्हतं, आणि इथली तिची ही पहिलीच तालीम.

“दोन बोटं कमी पडली,” कंडक्टर म्हणाले. “काका, तुम्हाला कोपरापासून नमस्कार. पण नाही जमत.”

लेकीनं मान खाली घातली आणि उठायला लागली. मामांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते बघत होते अण्णांकडे. अण्णा काखेत अंडं धरल्यासारखे वाजवायचे, चाळीस वर्षं.

“अण्णा, जागा बदलता का?”

पुढच्या रांगांतल्या माना मागे वळल्या. बाहेरची जागा ज्येष्ठाची. अण्णा आत गेले तर त्यांना नवख्या मुलीसाठी पानं उलटावी लागणार. असं कुणी कुणाला विचारत नाही.

अण्णांनी चष्मा वर केला. “म्हणजे मी हिची पानं उलटायची?”

“हो.”

“मामा, या खुर्चीत बसून मान अवघडली की दरवेळी तुम्हीच खुर्ची अर्धी वीत फिरवून दिलीत. कधी सांगावं लागलं नाही.” ते उठले आणि लेकीला म्हणाले, “चल पोरी, तिकडे हो. आणि मी पान वेळेवर उलटीन, तू मला डोळे वटारायचे नाहीत.”

दोघांनी जागा बदलल्या. अण्णांनी गज ओढला. खांबाला वाराही लागला नाही. लेकीनं गज ओढला, मुठीपासून टोकापर्यंत, तिचा लांब हात मोकळा उघडला. मामांनी तो पहिल्यांदाच पाहिला, आणि नेहमीच्या सवयीनं मनात नोंदवून ठेवला.

कंडक्टरांनी खांब आणि अण्णांचा कोपर यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं. मग विंगेत उभ्या असलेल्या व्यवस्थापकबाईंकडे वळले. “पत्रिकेत अठ्ठ्याऐंशी नावं छापा.” आणि मामांना म्हणाले, “पण उद्या आधी छत्तीस बसणार. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. तेवढ्यात हे सगळं परत असंच होईल?”

“अकरात होईल, साहेब. उरलेल्या चारात मी पाणी पितो.”

तालीम संपली. वादक हात झटकत निघून गेले. व्हायोलांची ती जोडी दारात “आधी तुम्ही” म्हणत अडकून पडली होती. मामा गुडघ्यावर बसून एकेका खुर्चीच्या पायाभोवती खडूनं खुणा करू लागले. शेवटच्या दोन खुर्च्यांपाशी आले, तेव्हा लेक व्हायोलिनची पेटी घेऊन विंगेत उभी होती.

“बाबा, निघायचं?”

“हो आलोच,” ते म्हणाले, आणि बाहेरच्या, तिच्या खुर्चीच्या चारही पायांभोवती खूण केली. खडू जरा जास्तच दाबला गेला. त्याचा तुकडा पडला.