खिम्यातली साय

रविवारी मुलगी तिच्या घरून, कोसाडहून आली ती खिम्याची पिशवी हातात घेऊनच. म्हणाली, "आबा, आई आखाजीला मामाकडे गेली होती तेव्हा तुम्ही फ्रायपॅनमध्ये खिमा केला होता ना, पांढऱ्या रश्शाचा, तो शिकवा मला. तसा परत कुठे मिळाला नाही."

बायको खाली बसून लसूण सोलत होती. तो रस्सा कशाचा होता, ते तिला मी कधीच सांगितलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाव सोडून शहरात आलेलो, डिंडोलीच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो : मी, बायको, मुलगी आणि माझी आई. मी कापडाच्या कारखान्यात लूमवर दिनपाळीला होतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशातल्या बायका माहेरी जातात, तशी बायको गेली होती. मुलीची कॉलेजची परीक्षा होती म्हणून ती मागे राहिली. आईच्या गुडघ्यांमुळे तिला उभं राहून स्वयंपाक होत नव्हता. पाळीवरून आलो की मीच काहीतरी रांधायचो.

कारखान्याजवळच्या एका हाटेलात तव्यावरचा खिमा मिळायचा. वाटण नाही, खोबरं भाजणं नाही, तरी रस्सा दाट आणि गोडसर. मी एकदा तिथल्या आचाऱ्याला विचारलं. तो हसून म्हणाला, "मलाई, चाचा. और क्या!"

मी घाबरलो होतो. मटणावर दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं, हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं. आई तर मटणाच्या दिवशी चहासुद्धा कोरा प्यायची. पण तो आचारी रोज शंभर माणसांना खाऊ घालत होता आणि कुणाला काही झालेलं दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी खिमा आणला. मटणाचं फ्रायपॅन आम्ही गॅलरीत वेगळं ठेवायचो, ते घेतलं. स्टोव्हवर कांदा नुसता मऊ केला, लाल होऊ दिला नाही. आलं, लसूण, हिरवी मिरची ठेचून टाकली. मग मोठ्या आचेवर खिमा, उलथन्यानं गोळे फोडत. पाणी सुटलं, आटलं. मिरपूड टाकली. आणि आच बारीक करून, बायकोनं तुपासाठी साठवलेल्या सायीची पातेली त्यात उपडी केली. स्टोव्ह पेटल्यापासून अर्धा तासही झाला नसेल.

आईनं पहिला घास घेतला आणि पांढऱ्या रश्शाकडे बघत थांबली. "हाई धवयं कसानं रे?"

"खसखस आणि खोबरं."

"मंग बायकोले कसाले बलावस? तूच रांधत जाय आते," म्हणून तिनं भाकरीनं ताट पुसून घेतलं. मुलीनं दोनदा वाढून घेतलं. मीही खाल्लं. बायको परत आल्यावर तिला सांगितलं, साय मांजरानं खाल्ली. पुढे कितीतरी दिवस ती पातेल्यावर वरवंटा ठेवत होती.

दिवाळीच्या सुमारास मुलीच्या मनगटावर पांढरा डाग दिसला. मग बोटांवर.

डॉक्टरांना मी एकट्यानं गाठून विचारलं. ते म्हणाले, खाण्यानं हे होत नाही. कशानं होतं ते नक्की सांगता येत नाही. मला पहिलं वाक्य पटलं, पण घरी येईपर्यंत दुसरंच तेवढं डोक्यात उरलं. तिघांनी एकाच फ्रायपॅनमधलं खाल्लं होतं. मग तिलाच का? आणि दूध नाही तर काय?

आईला असा प्रश्न पडला नाही. ती बायकोला म्हणाली, "आमना घरमा कोनलेच नही. हाई तुना मायेरनं शे." येणाऱ्याजाणाऱ्यांनाही तेच सांगू लागली. बायको रडायची, माहेरच्या एकेका माणसाचं नाव घेऊन कुणालाच नाही म्हणायची. ते बोलणं तिच्या माहेरच्या गावापर्यंत गेलं. त्यापायी माझ्या मेव्हण्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, मुलीची जमलेली सोयरीक मोडली. दुसरी जमायला फार दिवस लागले. मी गप्प राहिलो. सायीचं सांगावं, तर डॉक्टर म्हणतात ते कारणच नव्हे. मग खोटं कशाला सांगा? असं मी स्वतःला समजावत होतो. आई गेली, मेव्हणाही गेला. मुलीनं नोकरी धरली, आपल्या पसंतीनं लग्न केलं. डागांची तिला पर्वा नाही.

रविवारी मी सांगत होतो आणि ती करत होती. कांदा, मिरची, खिमा, मिरपूड. "आता काय घालू?" तिनं विचारलं.

"साय," मी म्हणालो.

बायकोचे हात थांबले. "म्हणजे मांजरानं नाही?"

"नाही, मीच," मी म्हणालो.

मुलगी हसायलाच लागली. "आबा, सायीनं काही होत नसतं हो! एवढी वर्षं हे धरून बसलात?" तिनं फ्रिजमधली साय काढली आणि आच बारीक केली.

बायको हसली नाही. "सासूबाई होत्या तेव्हा का नाही बोललात?"

"अगं, पण ते खरं नव्हतं ना. सायीनं होत नाही."

"माझ्या माहेराकडून आलं, ते खरं होतं?"

खरं नव्हतं म्हणून जे मी सांगितलं नाही, त्याच्या जागी दुसरं खोटं वीस-पंचवीस वर्षं माझ्या घरात जेवत होतं, एवढंच समजतं. त्यातलं माझं पाप कुठलं, साय घातली ते की लपवली ते, हे अजून नीट उलगडत नाही.

खिमा चांगला झाला होता. बायकोनं खाल्ला नाही. ताट बाजूला सारून म्हणाली, "भाऊ तर गेला. त्याच्या पोरीला तरी सांगा."

तिला फोन लावला, पण नुसती तब्येत विचारून ठेवून दिला. म्हणून लिहितो आहे. पोरी, साय मी घातली होती, आणि मांजराचं खोटं बोललो होतो. तुझ्या घरात कुणालाच काही नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.