कपाटातली डबी

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा बिनधास्त हसा. फक्त आधी एक करा. आपापल्या घरातलं लोखंडी कपाट डोळ्यांपुढे आणा. आलं? त्यात काय काय आहे? दागिने, घराचे कागद, लग्नातला शालू, आणि पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेलं, पण कोणत्याच पाहुण्याला अजून न दिसलेलं कपबशांचं खोकं. म्हणजे आपल्याकडे जे जपायचं ते कपाटात जातं. बरोबर? मग मी असं काय जगावेगळं केलं, तुम्हीच सांगा!

झालं असं. माझी बायको सुनंदा गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला जे लोक येतील त्यांच्या हाती तिच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका द्यावी, असं मी आणि केतकीनं ठरवलं. केतकी माझी मुलगी, पुण्याला नोकरीत असते. मी इथे दिग्रसला कॉलेजात मराठी शिकवतो, अधूनमधून लिहितो. त्यामुळे मजकूर माझ्याकडे, छपाई तिच्याकडे. वर्षश्राद्धाचा दिवस काही पुढे सरकत नसतो. लोक येणार, जेवणार, आपापली एसटी गाठणार. पुस्तिका त्या दिवशी हातात पडली तर पडली, नाहीतर राहिली.

होळीला केतकी आली तेव्हा एक डबी घेऊन आली. काळी, साबणाच्या वडीएवढी, वर हिरवा दिवा.

"बाबा, हा नेटवर्क ड्राइव्ह. घरातल्या वायफायवर चालतो. आईचे सगळे फोटो, तिच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज, सगळं यात टाकलं आहे. तुम्ही लिहाल तेही यातच सेव्ह करायचं. लॅपटॉपवर नाही. मला पुण्यातून दिसतं."

"लॅपटॉपवर का नाही?"

"कारण मागच्या लेखाच्या तुम्ही मला वेगवेगळ्या प्रती पाठवल्या आणि प्रत्येकीचं नाव 'अंतिम' होतं. आणि पेन ड्राइव्ह तुम्ही पँटसोबत धुतला."

मी टीव्हीशेजारी डबीला जागा करून दिली.

केतकी गेली. डबी टीव्हीशेजारी होती. मी येता-जाता तिच्याकडे पाहायचो. सुनंदाचे फोटो आत, तिचा आवाज आत, आणि डबी अशी उघड्यावर! फडका मारताना पडली तर? मांजरानं पाडली तर? शेवटी मी ती उचलली आणि कपाटात ठेवली, सुनंदाच्या साड्यांच्या वरच्या कप्प्यात. चार्जरची वायर बारीक, दाराच्या फटीतून अलगद बाहेर आली. दिवा हिरवा आहे हे पाहिलं, दार लावलं, किल्ली फिरवली. हायसं वाटलं.

मग लिहायला बसलो. सुरुवात सुनंदाच्या पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्यापासून केली. चांगलं पानभर झालं. 'सेव्ह' दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक चौकोन उमटला. त्याचा अर्थ साधारण असा : जागा सापडत नाही, किंवा आपल्याला परवानगी नाही. आपल्या ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.

परवानगी! लग्न झालं तेव्हापासून या घरात परवानगी कोणाला मागायची हे मला पक्कं ठाऊक होतं. आता कोणाला मागू? मी त्या चौकोनाकडे नुसता पाहत बसलो. मग गोंधळून काहीतरी दाबलं, आणि पातोडीचा रस्सा पानासकट गेला.

केतकीला फोन लावला.

"बाबा, डबी चालू आहे का? दिवा पाहून या."

मी आतल्या खोलीत गेलो, कपाट उघडलं. "हिरवा आहे."

"हो, आता मलाही ड्राइव्ह दिसतोय. करा सेव्ह."

कपाट उघडं टाकून खोलीबाहेर यायची आमच्याकडे पद्धत नाही. मी ते लावलं, टेबलाशी आलो, सेव्ह दाबलं. परवानगी नाही!

"नाही होत गं."

"अहो, आत्ता तर होतं! गेलं की! परत बघा दिवा."

परत आत. परत कपाट. "हिरवाच आहे."

"आलं!"

लावलं. बाहेर आलो.

"गेलं! बाबा, तुम्ही मधे काही करता का?"

"मधे काय करणार? चालत येतो!"

"चालताना काही दाबता का?"

"केतकी, मी चालतो. चालताना माणूस काय दाबेल?"

बापलेक दोघंही शिकलेले. पण डबी कुठे ठेवली हे तिनं विचारलं नाही, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे हे मला वाटलं नाही.

मग एका सकाळी चमत्कार झाला. आंघोळ करून बाहेर आलो, कपडे काढायला कपाट उघडलं, आणि एक वाक्य सुचलं म्हणून तसाच टॉवेलवर लॅपटॉपपुढे बसलो. सेव्ह दाबलं. झालं! एका फटक्यात झालं! आनंदानं जाऊन कपडे घातले, कपाट लावलं, परत बसलो, तर पुन्हा परवानगी नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. आंघोळीनंतर होतं, नंतर होत नाही. आता यातून कोणताही विचारी माणूस काय निष्कर्ष काढेल? मी तोच काढला. संध्याकाळी दोन परिच्छेद अडकले होते, म्हणून मी पुन्हा आंघोळ केली. उन्हाळ्याचे दिवस, नळ कधी येईल याचा भरवसा नाही, टाकी तळाला गेलेली, आणि हा गृहस्थ परिच्छेदामागे एक बादली ओततो आहे! पण खरं सांगतो, सेव्ह झालं. टॉवेलवर बसून झालं.

हे काही फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. म्हणून आमच्याच कॉलेजात संगणक शिकवणारे राठोड सर आहेत, त्यांना घरी बोलावलं.

"सर, तुमी टेन्शन घेऊ नका. मले पाहू द्या," असं म्हणून त्यांनी बाह्या सारल्या. लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफाय बंद करून चालू केलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. पासवर्ड बदलला, मग बदललेला पासवर्ड विसरले, मग तो पुन्हा बदलला. चौकोन आपला जागच्या जागी.

"काहून नाही होऊन राह्यलं बाप्पा? सर, डबी चालू हाये ना?"

"आत आहे. चालू आहे. दिवा हिरवा."

"मंग तर काही प्रश्नच नाही!"

"नाहीच ना!"

आम्ही दोघांनी समाधानानं माना हलवल्या. प्रश्नच नव्हता. फक्त फाइल सेव्ह होत नव्हती.

चहा पिताना मी जरा चाचरत म्हणालो, "सर, एक सांगू का? आंघोळ केली की होतं."

राठोड सरांनी कप खाली ठेवला. "काय होते?"

"सेव्ह."

"लॅपटॉपची आंघोळ?"

"नाही हो, माझी."

 त्यांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "सर, तुमी थोडे दिवस पोरीकडं जाऊन या. जरा हवापालट होईन."

मला वाटलं, किती मायाळू माणूस! तो माणूस फाटकाबाहेर पडताच केतकीला फोन करणार आहे, हे मला कुठे माहीत?

तासाभरात तिचा व्हिडिओ कॉल. चेहरा उतरलेला.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना? जेवता ना वेळेवर?"

"जेवतो. का?"

"राठोड काका म्हणाले, तुम्ही फाइल सेव्ह करण्यासाठी आंघोळ करता."

"मग? होतं त्यानं."

 मग लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "बरं. आपण दोघं मिळून बघू. फोन हातात घ्या आणि मला डबीपाशी न्या."

मी तिला नेलं. खिशातून किल्ली काढली, दार उघडलं, फोन समोर धरला. डबी वर होती, पण पडद्यात आधी साड्या आल्या. सुनंदानं लावून ठेवलेल्या, घडीवर घडी.

केतकीचा आवाज आला, "तशाच आहेत."

"हो. तशाच आहेत."

मी फोन वर उचलला, डबीसमोर धरला.

"बाबा."

"हं."

"डबी कपाटात?"

"मग काय उघड्यावर ठेवू?"

"लोखंडाच्या कपाटात? कुलूप लावून?"

"किल्ली माझ्याचजवळ असते."

"अहो बाबा! वायफाय लोखंडातून कसं जाईल? दार उघडलं की चालते, लावलं की बंद! आंघोळ झाली की तुम्ही कपड्यांसाठी कपाट उघडता, म्हणून होत होतं! कायले ठेवली तिथं?"

पोरगी इतकी वर्षं पुण्यात आहे, पण राग आला की अजून दिग्रसची होते.

"आईचं सगळं आहे ना त्यात," मी म्हणालो, "म्हणून."

 ती हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि मी फोन जरा बाजूला धरला.

"आता डबी बाहेर ठेवा," शेवटी ती म्हणाली. "पण त्याआधी तुमची खात्री करून घ्या. दार उघडं ठेवून काहीतरी लिहा, सेव्ह करा. मग लावून करून बघा."

ती दुपार मी खात्री करण्यात घालवली. मग डबी टीव्हीशेजारी गेली आणि माझं लिखाण मार्गी लागलं. पातोडीचा रस्सा पुन्हा लिहिला. तिचं माहेर लिहिलं, आमचा संसार लिहिला, दवाखान्यातले दिवस लिहिले. शब्द न् शब्द तोलून. केतकीला ऑफिसातून मान वर करायला फुरसत नव्हती, तिनं अख्खं फोल्डर छापखान्याला देऊन टाकलं, आणि आदल्या दिवशी पुस्तिकांचं खोकं दिग्रसला पोचलं. वेळेवर! मी सुतळीदेखील सोडली नाही, देवाजवळ ठेवलं.

वर्षश्राद्ध झालं, पंगत उठली, पुस्तिका वाटल्या. मी कोपऱ्यात बसून लोकांचे चेहरे पाहत होतो. लिहिणाऱ्याला ही खोड असतेच. कोणी पानं चाळत होतं, कोणी फोटो पाहत होतं. पातोडीबद्दल कोणी अवाक्षर काढेना.

मग वंदना आली. सुनंदाची धाकटी बहीण, नेरला असते. डोळे भरलेले.

"भाऊजी, शेवटचं पान वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं जी."

"शेवटचं पान?"

शेवटच्या पानावर फोटोंखेरीज मी काही दिलंच नव्हतं! मी पुस्तिका उघडली. छापखान्यानं अख्खं पान कोरं सोडून वर एक समई काढली होती आणि खाली, मधोमध, त्याच फोल्डरमध्ये राहून गेलेलं, माझ्या खात्री करण्याच्या दुपारचं सगळं टिपण :

बघू या.
नाही झालं.
उघडलं तर आहे.
लावलं तर नाही.
केतकी म्हणते, आहे.
मी म्हणतो, कुठे?
परत उघडतो.
परत लावतो.
आहे.
नाही.

मी केतकीकडे पाहिलं. तिनं ते पान वाचलं, तोंडाला ओढणी लावली आणि तडक स्वयंपाकघरात गेली. लोकांना वाटलं, लेकीला भरून आलं. भरून आलंच होतं, पण आतून भांडं पडल्याचा आणि खिदळण्याचा आवाज फक्त मी ऐकला.

तेवढ्यात राठोड सर हात जोडून पुढ्यात. "सर, माफ करा. मी तुमाले येडं समजून राह्यलो होतो. तुमी तर आतल्या आत कविता करून राह्यले होते!"

"सर, ती कविता नाही..."

"तुमी असंच म्हणान! मोठा माणूस असंच म्हणते. बाकीचं तुमचं लेख-बिख ठीक हाये हो, पण हे पान!"

आयुष्यभर लिहिलं. वर्गातली पोरं झोपली, संपादकांनी साभार परत पाठवलं. आणि माझं गाजलं काय, तर हे! नातेवाईक त्या पानाचे फोटो काढून एकमेकांना पाठवत होते. वंदना ते चौकट करून भिंतीवर लावणार आहे. मी खरं सांगू पाहत होतो, पण तिचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, राहू दे. खोटं तरी त्यात काय होतं?

पण प्रकरण तिथे थांबलं नाही ना! राठोड सरांनी ते पान यवतमाळच्या कुठल्याशा मंडळाला दाखवलं. त्यांच्या कविसंमेलनाचं मला निमंत्रण आलं आहे. अशीच एखादी ताजी रचना आणा, म्हणतात. आणि मी हो म्हणून बसलो.

तेव्हापासून रोज लॅपटॉपपुढे बसतो. आता चौकोन नाही, परवानगीची भानगड नाही, पहिल्याच फटक्यात सेव्ह होतं.

काय सेव्ह होतं, म्हणता?

कोरं पान!