नणंदेच्या पिळणीची मोटर

तिला सगळे सव्वाबाई म्हणत, आणि हे नाव तिने स्वतःच्या हट्टाने कमावलं होतं.

मोटर चालवायची पॅनलं बांधणं हा तिचा धंदा. पत्र्याचं कपाट, त्यात फ्यूज, मोटरची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर, रिले आणि नीट बांधलेल्या तारा. कुणाचा पंप असो, कुणाचा भलामोठा पंखा असो, मोटर त्यांची आणि कपाट हिचं. कपाटात कुठली वस्तू किती मापाची घालायची याचं नियमांचं पुस्तक असतं. बाकीचे लोक ते पुस्तक धूळ खायला ठेवतात. ही ते वाचायची, आणि वर जेवताना नवऱ्याला त्यातलं ऐकवायचीसुद्धा. मोटर पूर्ण कामाला लागली की जेवढा करंट घेते त्याच्या सव्वापट वाहील अशी केबल हवी, हा तिचा सगळ्यात लाडका नियम. गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली, जरा बारीक केबल लावा म्हणून कितीही विनवलं, तरी हिचं उत्तर एकच असे. सव्वापट.

हळूहळू हा नियम कपाटातून बाहेर पडून घरभर पसरला. स्वयंपाक सव्वापट, प्रवासाला कपडे सव्वापट, पाहुण्यांना आग्रह तर दीडपटच. नवरा अंगाने काटकुळा, ही चांगली भरलेली. तो लोकांना हसत सांगायचा की आमच्या घरी सगळं नियमानेच आलंय.

फक्त एका वस्तूला सव्वा लागू नव्हता, ती म्हणजे ओव्हरलोड रिले. मोटरवर झेपणार नाही इतकं ओझं पडून ती तापायला लागली की हा रिले खट् करून तिला बंद पाडतो आणि जळण्यापासून वाचवतो. त्याच्या तोंडावर एक बारीकशी चकती असते. मोटरवरच्या पाटीवर जेवढा करंट लिहिलेला असेल तेवढ्यावर ती चकती आणून ठेवायची, ना जास्त ना कमी. पण मोटर सारखी बंद पडते म्हणून वैतागलेली माणसं स्क्रू-ड्रायव्हर घेतात आणि चकती वाढवून मोकळी होतात. मोटर जळाली की मग मोटर बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. असल्या लोकांची सव्वाबाईच्या घरी रोज खरडपट्टी निघे, अर्थात ते समोर नसताना.

हे सगळं खरं, पण बाईला एक खोडही होती. आपलं बरोबर आहे हे एकदा कळलं की तिला राहवायचं नाही. समोर कोण आहे, वेळ कुठली आहे, याचं तिला भान उरत नसे.

तिच्या धाकट्या नणंदेने नवीन घर घेतलं आणि सासर-माहेरच्या झाडून सगळ्यांना जेवायला बोलावलं, तेव्हा नेमकं हेच झालं. सव्वाबाईने सहज म्हणून विजेच्या डब्याचं झाकण उघडलं. आतल्या तारांच्या मानाने ब्रेकर फार मोठा होता, तारा तापून जळाल्या तरी तो पडला नसता. आगीला आमंत्रणच ते. तिने मागचापुढचा विचार न करता मेन स्विच पाडला आणि भरल्या पंगतीत जाहीर केलं की हे दुरुस्त होईपर्यंत या घरात दिवा लागणार नाही. नणंदेचे सासरे हातातला घास हातात धरून अंधारात बसले. पाहुणे ताटं घेऊन अंगणात गेले. नणंदेच्या सासूबाईंनी त्यावर नणंदेला जे काही ऐकवलं ते तिला पुढे कितीतरी दिवस पुरलं.

त्या दिवसापासून नणंद-भावजयीत अबोला. चांगला दोन वर्षं मुरलेला. निरोप असायचे, पण ते सगळे सव्वाबाईच्या नवऱ्याच्या तोंडून जायचे. तो बिचारा इकडचं तिकडे नेता नेता निम्मं विसरायचा, आणि जे विसरायचा त्यामुळेच भांडण वाढत नसे.

अशात नणंदेने नोकरी सोडली आणि एका जुन्या शेडमध्ये कपडे धुण्याचा कारखाना टाकला. धुण्याची यंत्रं, वाळवायचं गरम यंत्र, आणि मध्ये कपड्यांतलं पाणी काढायचं एक धिप्पाड यंत्र. त्याला तिथे सगळे पिळणी म्हणत. ओल्या चादरींनी भरलेला लोखंडी ढोल गरागरा फिरायचा आणि पाणी बाहेर फेकायचा. पिळणीच्या मोटरला पॅनल हवं होतं. घरात पॅनलवाली असताना बाहेर जाणं म्हणजे चारचौघांत शोभा, म्हणून काम भावजयीकडेच आलं, तेही अर्थात भावामार्फत. त्याने मोटरवरच्या पाटीचा फोटो आणून बायकोला दाखवला.

सव्वाबाईने पाटीवरून सगळी मापं काढली. केबल सव्वापट. मोटर सुरू होताना पहिल्या झटक्याला पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा उडू नये इतका मोठा फ्यूज. कॉन्टॅक्टर एक माप वरचा. रिले तंतोतंत. मन लावून काम केलं तिने, कारण नणंदेला नाव ठेवायला जागा सोडायची नव्हती. फक्त ती मोटर फिरवणार काय आहे, हे तिने विचारलं नाही. विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. ढोल किती जड आहे आणि वेग घ्यायला त्याला किती वेळ लागतो, हे नणंदेकडच्या कागदांत छापलेलं होतं. तिने ते पाठवलं नाही, कारण कुणी मागितलं नव्हतं.

मग तो दिवस उजाडला. एका मोठ्या इस्पितळाने चाचणी म्हणून चादरींच्या टोपल्या पाठवल्या होत्या. दुपारी तिथल्या मुख्य परिचारिका स्वतः येऊन चादरी पाहणार, आणि पसंत पडल्या तर इस्पितळाचं रोजचं धुणं नणंदेला मिळणार. ते मिळालं तर कारखाना उभा राहणार होता, नाहीतर सोडलेल्या नोकरीच्या दारात पुन्हा जाऊन उभं राहावं लागणार होतं. नणंदेने पहाटेच उठून धुलाई उरकली, ओल्या चादरी पिळणीत भरल्या आणि बटण दाबलं. पिळणी घुरघुरली, जरा फिरली आणि खट् करून बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

भावाचा फोन वाजला. "दादा, तुझ्या बायकोच्या कपाटाने माझा गळा कापलाय," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. नवऱ्याने निरोपातला गळा वगळून बाकीचा निरोप दिला. सव्वाबाईने हत्यारांची पिशवी उचलली आणि चपला धड पायात न सरकवताच ती निघाली.

शेडमध्ये पोचली तेव्हा तिथला फिटर कपाट उघडून रिलेच्या चकतीला स्क्रू-ड्रायव्हर लावतच होता. थोडी वाढवतो, चालेल, असं त्याचं म्हणणं. सव्वाबाईने त्याला आधी हात बाहेर काढायला लावला आणि मग यंत्र एकदा आपल्यासमोर सुरू करायला सांगितलं. करंट मोजायचा चिमटा तिने केबलला लावला. ढोल जड अंगाने हलला. आत ओल्या चादरी धबाधबा आपटत होत्या. चिमट्यावरचा आकडा वर चढला तो खाली यायला तयारच नव्हता. ढोल निम्म्या वेगालाही पोचला नव्हता, तोच खट्.

तिने चिमटा केबलवरून काढून घेतला. काय झालंय ते तिला लख्ख कळलं होतं. मोटर चांगली होती आणि केबलही चांगली होती. रिलेसुद्धा त्याला शिकवलं तेच इमानाने करत होता. चटकन वेग घेणाऱ्या मोटरसाठी बनवलेला साधा रिले होता तो. इतका जड ढोल फिरवायचा तर सुरुवातीचा करंट जास्त वेळ सोसून घेणारा, दमाने बंद पडणारा रिले लागतो. तो निवडायचं काम तिचं होतं, आणि तिने चुकीचा निवडला होता. नियमांचं पुस्तक कोळून प्यायलेल्या बाईने एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

फिटर बघत होता. नणंद हाताची घडी घालून उभी होती. मोटरवर ढकलून देता आलं असतं, यंत्र बनवणाऱ्यावर ढकलता आलं असतं, आणि तिथे खरंखोटं करायला कुणी नव्हतं. सव्वाबाईच्या मनात ते येऊनही गेलं. आपण चुकलो असं म्हणायची तिला मुळी सवयच नव्हती.

"चूक माझी आहे," ती नणंदेकडे वळून म्हणाली. "ढोल केवढा आहे ते मी विचारलंच नाही."

नणंदेने हाताची घडी सोडली. "मीही सांगितलं नाही," ती म्हणाली.

अबोला असा सुटला. त्याला मुहूर्त वगैरे काही लागला नाही, आणि कुणाच्या डोळ्यांत पाणीही आलं नाही, कारण तेवढा वेळच नव्हता. योग्य रिले बाहेरगावच्या दुकानात होता, पण हातात यायला दुसरा दिवस लागणार होता. फिटरने पुन्हा चकतीचा विषय काढला. आजचा दिवस वाढवू, उद्या नवीन बसवू. सव्वाबाईने नणंदेला समजावून सांगितलं की सुरू होताना रिले पडू नये इतकी चकती वाढवली, तर पुढे ढोल अडकला तरी रिलेला ते कळणार नाही आणि मोटर जळून जाईल. मग मात्र ती पहिल्यांदाच थोडी थांबली. मोटर तुझी आहे, काय करायचं ते तू ठरव, असं ती म्हणाली.

चकतीऐवजी दुसरा तोडगाही सव्वाबाईनेच सुचवला. ढोलात निम्म्याच चादरी भरायच्या. ओझं निम्मं झालं की ढोल लवकर वेग घेतो आणि रिले पडायच्या आत करंट खाली येतो. करून पाहिलं, आणि पिळणी अशी काही फिरली की फिटरनेसुद्धा मान डोलावली. अडचण एवढीच होती, की निम्म्या चादरी म्हणजे खेपा दुप्पट आणि मोटर सुरू करणंही दुप्पट. दर वेळी सुरू होताना मोटर तापणार, म्हणून प्रत्येक खेपेनंतर तिला थंड व्हायला वेळ द्यायलाच हवा.

त्या वेळात दोघींना बसून राहण्यावाचून दुसरं काम नव्हतं. नणंद उपड्या बादलीवर बसली, भावजय हत्यारांच्या पिशवीवर. पहिल्या खेपेनंतर दोघी मोटरकडे बघत बसल्या. दुसऱ्या खेपेनंतर फिटरच्या कामाविषयी बोलल्या, तेही तो जवळपास नसताना. मग नणंदेच्या सासूबाईंचा विषय निघाला आणि गाडी रुळावर आली. त्या कशा पापडासारख्या कडकडतात याची नक्कल नणंदेने केली, तेव्हा सव्वाबाई हसता हसता पिशवीवरून घसरली. बायको आणि बहीण एकमेकींचं काय करतायत या धास्तीने नवरा चहाची किटली घेऊन आला होता. त्याने दारातून हा प्रकार पाहिला, किटली आत सरकवली आणि आपली निरोप्याची नोकरी गेली हे ओळखून तो समाधानाने परतला.

शेवटी नव्या घरातल्या त्या जेवणाचा विषयही निघालाच. "तो ब्रेकर खरंच मोठा होता," नणंद खाली बघत म्हणाली. "पुढच्याच आठवड्यात मी बदलून घेतला. तुला कळवलं नाही, मुद्दाम."

सव्वाबाई म्हणाली, "पंगत उठल्यावरही सांगता आलं असतं मला. इतक्या दिवसांचा तो ब्रेकर, अजून तासभर टिकला असता. मला माझं शहाणपण मिरवायचं होतं गं."

पुढची खेप जरा उशिराच सुरू झाली.

मुख्य परिचारिका ठरल्या वेळेच्या आधीच आल्या. चादरींची एक छोटी रास अजून पिळायची राहिली होती आणि मोटरच्या अंगाला हात लावला तर चटका बसत होता. परिचारिकाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. फिटरने नणंदेकडे पाहिलं आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर जरासा वर केला. जिभेवर आलेलं सगळं सव्वाबाईने गिळलं, आणि तेवढ्याने तिच्या कपाळाला घाम फुटला.

नणंद फिटरजवळ गेली. तिने त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला, आपल्या खिशात टाकला आणि एक ओली चादर उचलून तिचं एक टोक भावजयीच्या हातात दिलं.

दोघी समोरासमोर उभ्या राहून हाताने पिळू लागल्या. सव्वाबाई डावखुरी. दोघी आपापल्या परीने जोर लावत होत्या आणि चादर नुसती गोल गोल फिरत होती, पाण्याचा थेंबही पडेना. तू दुसरीकडे फिरव, मी का, तूच फिरव, असं जरा झालं. मग दोघींनी एकदमच दिशा बदलली आणि चादर पुन्हा तशीच फिरायला लागली. फिटर तोंड फिरवून हसला. अखेर नणंदेने हात थांबवले, भावजयीने एकटीने पीळ घातला आणि पाण्याची धार जमिनीवर पडली. अशी सगळी रास उरकली. त्या चादरी गरम यंत्रात जरा जास्त वेळ फिरल्या, एवढाच फरक.

परिचारिकाबाईंनी घड्या उलगडल्या, कापड गालाला लावून पाहिलं, शिवणीत ओल आहे का ते चाचपलं. चादरींबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पण डोळ्यांदेखत जे चाललं होतं ते त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांनी सरळच विचारलं.

"हे यंत्र उद्या पुन्हा बंद पडलं तर? आमचे रोगी चादरीवाचून कसे राहतील?"

सव्वाबाईचा जीव टांगणीला लागला. उत्तर नणंदेला द्यायचं होतं, आणि सकाळपासूनच्या खोळंब्याचं खापर फोडायला डोकं तर शेजारीच तयार होतं.

"उद्या नवीन रिले बसतोय, तेव्हा उगाच बंद पडणार नाही," नणंद म्हणाली. "आणि कधी पडलंच, तर बंद पडायलाच हवं होतं म्हणून पडेल. पाहायला माणूस लागेल, ते माझ्या घरातच आहे. हाक मारली की चपला न घालता येतं."

परिचारिकाबाईंनी क्षणभर दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पुढच्या टोपल्या सोमवारपासून पाठवते म्हणाल्या. सव्वाबाईने त्यांचे आभार मानले आणि सकाळपासून अर्धवट सरकवलेल्या चपला पहिल्यांदा धड पायात घातल्या.