पाठीमागचा रस्ता

चांदभाई पिंजारी सायकल रस्त्याच्या उलट्या बाजूनं चालवत, आणि तेही जाणूनबुजून. कापूस पिंजायच्या मशीनपाशी उभं राहून आयुष्य गेलं, त्यात दोन्ही कान गेले. समोर उभं राहून कुणी मोठ्यानं बोललं तर समजे. मागून ट्रक आला तर अंगावर येईस्तोवर पत्ता नाही. त्यात कॅरियरवर गुंडाळलेली गादी आडवी बांधलेली. मान वळवून पाहावं तर गादीच दिसे. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, जे यायचं ते डोळ्यांसमोरून येऊ दे.

गिऱ्हाइकाकडून जुनी गादी मेहरूण भागातल्या आपल्या घरी आणायची, कापूस पिंजून नव्यानं भरायची आणि पोचवायची. पोचवायलाही ते स्वतःच जात. गादी खाटेवर टाकून, हात फिरवून, मालकिणीला बसवून पाहिल्याशिवाय काम झालं असं त्यांना वाटतच नसे.

त्या सकाळी इच्छादेवी चौकाच्या अलीकडे एका गल्लीतून रिक्षा निघाली. चांदभाईंना ती चांगली दिसली. आपल्याला ती दिसली म्हणजे आपणही तिला दिसलो, असं ते धरून चालले. पण रिक्षावाल्यानं उजवीकडे पाहिलं, रस्ता मोकळा दिसला, आणि त्यानं रिक्षा डावीकडे वळवली. चांदभाई नेमके त्याच बाजूनं येत होते. पुढचं चाक रिक्षाला धडकलं आणि ते गादीसकट मागे कोसळले.

रिक्षावाला भटू धुळ्याकडचा. तो धावत आला.

"भाऊ, लागनं का?"

"मी दिसलो नाही तुला?"

"कसा दिसशात? गाड्या बठ्ठ्या उजवाकडथून येतस, मी तिकडेच देखस. तुम्ही डावाकडथून उनात." त्यानं हात देऊन त्यांना उठवलं, खाली पडलेल्या गादीकडे पाहिलं. "गादी शे म्हनीसन वाचनात. सतरंजी ऱ्हाती तं काय करतात?"

गुडघा खरचटला होता, त्याचं चांदभाईंना काही नव्हतं. पण भटूचं बोलणं मनातून जाईना. इतकी वर्षं आपण सगळ्यांना पाहत होतो, आपल्याकडे मात्र कुणी पाहतच नव्हतं. नुसत्या दैवावर चाललं होतं. ते घरात उठत, बसत, पुन्हा उठून दारात जात.

बायको हसीनाबी म्हणाली, "आता टांगा ती सायकल."

मुलगा तौसिफ म्हणाला, "अब्बा, भंगारात देऊन टाकू."

सायकल गेली की काम गेलं, आणि काम गेलं की दिवसभर करायचं काय, हे त्यांना कुणी सांगेना. ते सायकल हातात धरून सुकदेव मिस्तरीकडे गेले. "डाव्या बाजूनं चालवायचं म्हणतो. पण मागचं कळत नाही रे."

सुकदेवनं मोटरसायकलचा आरसा काढला आणि लांब दांडीवर उजवीकडे बसवला, गादीच्या बाहेरून मागचं दिसेल असा. गादी आडवी न बांधता दुमडून लांबीत बांधायला लावली. मागे चमकणारी पट्टी चिकटवली.

"आणि चांदभाऊ, गटारीला चिकटून जाऊ नका. काठाला गेलात की गाडीवाल्याला वाटतं, जागा आहे, आणि तो घुसतो. हातभर जागा सोडून चाला."

पहिल्या दिवशी डाव्या बाजूला लागल्याबरोबर त्यांच्या पाठीला मुंग्या आल्या. आरशात सगळं दिसत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. बारीक ठिपका बघता बघता ट्रक व्हायचा. पुढे पाहावं की मागे, समजेना. 

पुढे केळीची हातगाडी उभी होती. मागून ट्रक येत होता. हातगाडी आणि ट्रक यांच्या मधून निसटायची जुनी सवय होती. पाय तसे फिरूही लागले. मग त्यांनी पाय थांबवले. आरशात पाहून उजवा हात बाहेर काढला आणि ट्रक हळू झाल्याचं दिसल्यावरच हातगाडीला वळसा घातला. ट्रक मागेच थांबून राहिला. जागा झाल्यावर तो शेजारून निघाला, तेव्हा ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"चाचा, हॉर्न सुनाई नहीं देता?"

चांदभाईंनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. "नाही. पण तू दिसतोस."

गादी पोचली. मालकीण बसून पाहत होती आणि चांदभाई दारातून रस्ता पाहत होते. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. कचेऱ्या सुटायच्या आत चौक गाठायचा होता.

घरी हसीनाबीनं विचारलं, "नीट झालं?"

"जाताना झालं. येताना चौकात उतरलो, सायकल हातात धरून ओलांडला."

"मग उद्या?"

उद्या फैजपूरकरांच्या घरची डबल गादी पोचवायची होती. दुमडली तरी आरशाच्याही बाहेर जाणारी. चांदभाई अंगणात गेले, गादी कॅरियरवर ठेवून पाहिली, खाली घेतली, पुन्हा ठेवून पाहिली. आरशात गादीशिवाय काही दिसेना.

"ही रिक्षानं पाठवू," ते शेवटी म्हणाले. "मी मागून सायकलनं जाऊन खाटेवर टाकून येईन."